गेटपाशी एकदा ब्रेक

सर्व वाचकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, धाराशिवात एक गल्ली अशी होती जिच्यातली कुठलीही चारचाकी, मग ती डॉक्टरांची असो, वकिलांची असो की फुलांनी सजवलेली नवरदेवाची असो, एका निवृत्त मिस्त्रींनी हात वर केल्याशिवाय मोठ्या रस्त्याला लागत नसे. या नियमाला कुठल्याही कायद्याचा आधार नव्हता. कुठं पाटीही लावलेली नव्हती. तरी तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. ज्यांना हसू येत असेल त्यांनी इथंच हसून घ्यावं. मीही पहिले सहा महिने हसत होतो.

ते मिस्त्री माझे घरमालक. मी तेव्हा जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून होतो आणि त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत बायकोसह राहत होतो. ते मला 'साहेब' म्हणत. कचेरीत मला ज्या नावांनी हाका मारल्या जात ती लक्षात घेता, हा मान मी एकदाही नाकारला नाही. मी त्यांना मालक म्हणायचो. ज्यांचा त्यांच्या घराशी काही संबंध नव्हता असे लोकही त्यांना मालकच म्हणत. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो.

मालक उंच आणि वाळके होते. अंगात कायम पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा. त्यांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या गॅरेजात गेली होती. उसाचे ट्रॅक्टर, मळीचे टँकर, संचालकांच्या जीपा, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. तरी त्यांच्या कपड्यावर तेलाचा ठिपका कुणी पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं? म्हणाले, "ज्याच्या अंगावर तेल उडतंय, त्यानं आधी ऐकलेलं नसतंय. आधी ऐकावं. मग नेमका तेवढाच नट सोडावा."

गाडीतल्या बाकी कशातही त्यांना गोडी नव्हती. इंजिनाची तक्रार घेऊन कुणी आलं की ते सरळ बायपासवरच्या गॅरेजचा रस्ता दाखवत. "चालू होत न्हाय ती गाडी कुणाला मारत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जीव फक्त ब्रेकमध्ये होता. स्वतः आयुष्यभर सायकलवर फिरले. गाडी का घेतली नाही, असं विचारलं तर म्हणत, "मला चालणारी गाडी आवडत न्हाय. थांबलेली आवडती."

मी एक जुनी गाडी घेतली. तिचा रंग पांढरा आहे असं तिच्या कागदपत्रांत लिहिलं होतं. ती अंगणात आणून उभी केली आणि पेढे घेऊन मालकांकडं गेलो. पेढा त्यांनी हातात घेतला, खाल्ला नाही.

"बसा आत," म्हणाले. मी बसलो. "चपला काढा."

"मालक, गाडीत बसतोय, देवळात नाही."

"देवळात चपला घालून गेलं तर देव एकदा माफ करंल. ब्रेक पायानं बघायचा असतोय साहेब, चपलेनं न्हाय. काढा."

काढल्या. इंजिन बंद ठेवून पायाखालचा ब्रेक तीन-चार वेळा दाबायला लावला. तो कडक झाला. मग म्हणाले, तसाच दाबून धरा आणि आता गाडी चालू करा. केली. पाय जरासा खाली गेला.

"गेला?"

"गेला."

"लई?"

"नाही. थोडाच."

"मंग इंजिन ब्रेकला हात लावतंय. दगडागत तसाच ऱ्हायला असता तर समजायचं, मदत बंद पडली. दाबून धरल्यावर हळूहळू खालीच चालला असता तर तेल कुठंतरी पळतंय. आन् स्पंजागत लागला असता तर आत हवा शिरलीया." एवढं सांगून झाल्यावर त्यांनी पेढा खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच माझ्या बायकोकडून करून घेतलं आणि निकाल दिला, "सूनबाईचा पाय तुमच्यापेक्षा शहाणा हाय." हे वाक्य आमच्या घरी अजून वापरात आहे.

स्टिअरिंगसमोरच्या दिव्यांचं त्यांचं शास्त्र वेगळंच होतं. किल्ली फिरवली की गाडीत सगळे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की विझतात. आपण सगळे विझण्याकडं बघतो. मालक लागण्याकडं बघत. किल्ली फिरवून एकेका दिव्यावर बोट ठेवत शाळेतल्यासारखी हजेरी घेत. "जो विझत न्हाय तो बिचारा वरडून सांगतोय. जो लागतच न्हाय त्याला भ्यावं." पिवळ्या दिव्याला ते फार घाबरत नसत. पिवळा म्हणजे चाकं घसरू न देणारी यंत्रणा रुसली, साधा ब्रेक आहे, शहाण्यासारखं हळू चालवत गॅरेजपर्यंत जा. तांबडा लागला तर आधी हातब्रेक ओढलेला राहिला का बघायचं. नसेल राहिला तर तिथंच उतरायचं.

तेरहून प्रवासी आणणारा एक जीपवाला होता. त्याच्या जीपमध्ये तांबडा दिवा कधी लागतच नसे. मालकांनी एकदा त्याला थांबवून आत डोकं घातलं. दिव्याच्या जागी मरून रंगाची मोठी टिकली चिकटवलेली.

"ही कुणाची?"

"बायकूची."

"हितं का लावली?"

"सारखा लागतोय मालक. डोळ्यावर येतंय."

मालकांनी ती नखानं सोडवली, जीपवाल्याच्या कपाळावर नीट मधोमध चिकटवली आणि म्हणाले, "आता गॅरेजपर्यंत असाच चालत जा. कुणी विचारलं तर सांग, माझा दिवा झाकलाय." तो गेला. आठ-दहा प्रवासी खाली उतरून लिंबाखाली बसले. त्यात शेळीचं करडू घेतलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "रोज बसताव या जीपीत. आज कळलं, देवच चालवीत होता."

देवाचं नाव निघालं म्हणून सांगतो. गाडीतल्या मूर्तीच्या गळ्यातला झेंडूचा हार समोरच्या दिव्यांवर लोंबत असेल तर मालक आधी हात जोडत आणि मग मूर्ती उचलून चार बोटं बाजूला ठेवत. एका शेतकरी कुटुंबानं यावर हरकत घेतली होती. मालक म्हणाले, "देवाला बी समोरचं दिसू द्या की."

गळती बघायची त्यांची पद्धत तर भांडणाला निमंत्रण होती, आणि निमंत्रण हा शब्द मी जाणून वापरतोय. अंगणातल्या प्रत्येक गाडीच्या चारही चाकांच्या आतल्या बाजूला ते संध्याकाळी एकेक लग्नपत्रिका ठेवत, कोरी बाजू वर करून. सकाळी त्या उचलून उजेडात धरायच्या. ओला, तेलकट ठिपका सापडला की त्या चाकापाशी ब्रेकचं तेल गळतंय. साध्या पाण्याचा ठिपका वाळून जातो, हा वाळत नाही. धाराशिवात लग्नं भरपूर, तेव्हा कागदाला तोटा नव्हता. एकदा पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ भेटायला आले आणि त्यांना स्वतःच्या मुलीची पत्रिका माझ्या गाडीच्या मागच्या चाकाखाली सापडली. लग्न अजून व्हायचं होतं. ते काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "तुमचीच तेवढी जाड हाय बघा. बाकीच्यांच्या एका राती फाटत्यात." गृहस्थ चहा पिऊन गेले. लग्नाला मालकांना पहिल्या पंगतीत बसवलं होतं.

मालकांचा राग मी फक्त एका गोष्टीवर पाहिला. ब्रेकच्या तेलाच्या डबीत वरून तेल ओतणाऱ्यावर. "गाडी काय हे तेल पीत न्हाय," ते म्हणत. "कमी झालं म्हंजे एक तर कुठंतरी गळतंय, न्हायतर पॅड झिजलंय आन् तेवढं तेल खाली उतरलंय. वरून भरलं की दिवा विझतो आन् माणूस निजतो." असं करून आलेल्याशी ते त्या दिवशी बोलत नसत. त्यामुळं लोक असं करायचे नाहीत असं नाही. फक्त सांगायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट, आवाज. पुढच्या चाकात एक लोखंडी तबकडी फिरत असते आणि ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. बाहेरचं पॅड चाकाच्या भोकांतून बॅटरी मारून दिसतं. आतलं दिसत नाही. पॅड झिजत आलं की त्यावरची एक पातळ पत्री तबकडीला लागते आणि बारीक, तीक्ष्ण आवाज येतो. मालक त्याला 'चिमणी' म्हणत. चिमणी ऐकूनही दुर्लक्ष केलं की काही दिवसांनी पॅड संपतं आणि लोखंडावर लोखंड घासतं, ते 'जातं'. गाडी धुतल्यावर सकाळी दोन-चार वेळा जी खुरखुर येते ती दोन्हींत मोजायची नाही, ती गंजाची, आपोआप जाते. "बाहेरचं पॅड बघायचं असतंय," मालक सांगत, "आतलं ऐकायचं असतंय."

यातूनच ती पद्धत निघाली. गल्ली अरुंद आणि मालकांचं घर तिच्या तोंडाशी. सकाळी आठ ते दहा मालक गेटपाशी लोखंडी स्टुलावर बसत. डोळे मिटलेले, हात मांडीवर. बाहेर जाणारी गाडी हळू यायची, गेटपाशी एकदा ब्रेक मारायची. मालक ऐकायचे. तळहात वर झाला तर जायचं. बोट वाकलं तर गाडी मागं घ्यायची. सुरुवातीला हे भाडेकरूंपुरतं होतं. मग एका डॉक्टरांची गाडी त्यांनी बोट वाकवून थांबवली आणि गॅरेजवाल्यानं चाक उघडल्यावर डॉक्टरांनी आपण होऊन मालकांच्या पाया पडून घेतलं. त्यानंतर सगळी गल्लीच गेटपाशी एकदा ब्रेक मारायला लागली. माझी बदली होऊन तीन वर्षं झाली. आता मी ज्या गावी आहे तिथंही सकाळी निघताना कोपऱ्यावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मागचे हॉर्न वाजवतात.

त्या गल्लीतल्या माझ्या चौथ्या उन्हाळ्यात माझ्या गाडीत चिमणी बोलायला लागली. इतकी स्पष्ट की कुत्रं वळून बघायचं. मी निर्धास्त होतो, मालक सांगतील म्हणून. गेटपाशी आलो, ब्रेक मारला, चिमणी ओरडली आणि मालकांनी डोळे मिटलेलेच ठेवून तळहात वर केला.

मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी मी जरा जोरातच ब्रेक मारला. मालक हसून म्हणाले, "साहेब, हळू. गाडी चांगली हाय."

त्या दिवशी कचेरीतून परस्पर बायपासवर गेलो. गॅरेजवाल्यानं चाक काढलं, पॅड माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "मालकांच्या गल्लीतले ना?"

"हो."

"तुम्ही पाचवे." त्यानं हात पुसले. "वकीलसाहेब तर हितनं गाडी नीट करून घेत्यात, परत गल्लीत जाऊन मालकांचा हात घेत्यात आन् मगच कोर्टात जात्यात."

"अहो, मग कुणी सांगत का नाही त्यांना?"

"म्या त्यांच्याच हाताखाली शिकलोय. पाना कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. मी सांगू व्हय त्यांना, तुम्हाला ऐकू येत न्हाय म्हणून?"

संध्याकाळी मी काकूंना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. त्या भाकरी थापत होत्या. मी काय विचारणार हे त्यांना माझ्या उभं राहण्यावरूनच कळलं.

"माणसं ऐकू येत्यात त्यांना," त्या म्हणाल्या. "कुकर ऐकू येतो. बारीक तेवढं येत न्हाय. मोबाईल टीं-टीं करतो ते येत न्हाय. डोळे उघडे असले तर आपल्या तोंडाकडं बघून भागवत्यात."

"काकू, डॉक्टरांना दाखवलं तर मशीन मिळतं."

"त्यासाठी आधी त्यांना सांगावं लागंल. कोण सांगणार, तुम्ही?" त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "कारखाना सुटला तवा दोन महिने भिंतीकडं तोंड करून बसले होते. अर्धी भाकर खायचे. ह्या स्टुलावर बसाय लागले तवा पोटभर जेवाय लागले. ऱ्हाऊ द्या साहेब. कुणाचं काय बिघडतंय?"

खरंच कुणाचं काही बिघडत नव्हतं. हे ठरवायला कुणी बैठक घेतली नाही, पण सगळ्या गल्लीचं ठरलं. जरा आवाज आला की गाडी आधी बायपासवर न्यायची आणि मग मालकांसमोरून काढायची. त्यानंतरच्या दीड वर्षात मालकांचा हात एकदाही चुकला नाही. त्यांना चूक करायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. याचं आम्हाला मोठं कौतुक वाटायचं. गेटपाशी भेटलो की वकीलसाहेब आणि मी एकमेकांकडं बघून एक चांगुलपणाचं हसू हसायचो. आपण किती मोठ्या मनाची माणसं आहोत, असं त्या हसण्यात असायचं.

या व्यवस्थेत जे गल्लीतले नव्हते ते मोजलेले नव्हते.

मालकांना एकच मुलगी, परंड्याला दिलेली. जावयांचं तिथं बी-बियाणांचं दुकान. माणूस शांत, सासऱ्यांना 'मामा' म्हणताना मान खाली घालणारा. त्यांना सहा वर्षांची मुलगी होती. आजोबांच्या मांडीवर बसून ती बोनेट उघडलेल्या गाड्यांची चित्रं काढायची. एका शनिवारी तिघं मुक्कामाला आले. रविवारी सकाळी त्यांना सोलापूरला बारशाला जायचं होतं. रस्ता तुळजापूरवरून, आणि तुळजापूर सोडलं की घाट उतरायचा.

मालकांनी जावयांची गाडी स्वतः तपासली. चपला काढून बसले. ब्रेक दाबला, धरला, किल्ली फिरवली. पाय हवा तेवढाच खाली गेला. दिव्यांची हजेरी घेतली, सगळे लागले, सगळे विझले. बोनेट उघडलं. डबीतलं तेल बरोबर वरच्या रेघेला. चाकाच्या भोकांतून बॅटरी मारली. बाहेरचं पॅड चांगलं जाड. चाकांखालच्या पत्रिका कोऱ्या.

"जावईबापू, गाडी लई चांगली ठेवलीया तुम्ही," मालक म्हणाले. जावयांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, कौतुकानं.

काकूंनी तिघांच्या हातावर दही-साखर ठेवली. नात मागच्या सीटवर चढून काचेला नाक लावून बसली. मालक स्टुलावर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले. माझी बायको नळावर घागर भरत होती. समोरच्या ओट्यावर वकीलसाहेब पेपर घेऊन बसले होते. मी आमच्या गाडीची काच पुसत होतो.

गाडी आली. जावयांनी गेटपाशी ब्रेक मारला.

इतक्या जोरात ओरडणारी चिमणी मी त्याआधी ऐकली नव्हती. बायकोनं नळ बंद केला. वकीलसाहेबांनी पेपर खाली घेतला. काकूंच्या हातातली वाटी तशीच राहिली. आम्ही चौघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग मालकांकडं.

मालकांनी तळहात वर केला.

त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं ते मी लपवणार नाही. जावयासमोर सासऱ्याला, तुम्हाला ऐकू येत नाही, असं सांगायचं. आणि तेही त्या सासऱ्याला, त्या स्टुलावर. मी ठरवलं, गाडी कोपऱ्यावरून वळली की जावयांना फोन करू, हळूच बायपासवर घ्या म्हणून सांगू. दीड वर्षात आम्हाला हीच सवय लागली होती. खिशातून फोन काढला. मग लक्षात आलं, जावयांचा नंबर माझ्याकडं नाही. वकीलसाहेब माझ्याकडं बघत होते, मी काकूंकडं, आणि काकू वाटीकडं. गाडी हलली. नात काचेतून हात करत होती.

मी तिथपर्यंत कसा गेलो ते सांगता येत नाही. गाडीच्या बोनेटवर माझे दोन्ही हात होते एवढं खरं.

मालकांनी डोळे उघडले. "साहेब, गाडीम्होरं काय करताय?"

"मालक, आवाज येतोय."

"कसला?"

"चिमणी."

मालक उठून उभे राहिले. "म्या ऐकली न्हाय."

 वकीलसाहेबांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

"जावईबापू," मालक म्हणाले, "मागं घ्या. परत या. परत मारा."

गाडी मागं गेली. या वेळी मालकांनी डोळे मिटले नाहीत. त्यांनी गाडीकडंही बघितलं नाही. गाडीकडं पाठ करून ते आमच्याकडं तोंड करून उभे राहिले आणि आमच्या एकेकाच्या चेहऱ्याकडं बघत राहिले. ब्रेक लागला. माझ्या बायकोचे खांदे वर गेले. वकीलसाहेबांचा पेपर हलला. मी दात आवळले. काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले. मग मालक वळले. मागच्या सीटच्या काचेत त्यांच्या नातीनं दोन्ही कानांत बोटं घातली होती.

"उतरा सगळे," मालक म्हणाले.

जॅक त्यांनी स्वतः लावला. जावई म्हणाले, "मामा, मी काढतो चाक." मालकांनी पाना हातात घेतला. ते त्या पांढऱ्या पायजम्यानं रस्त्यावर गुडघे टेकून बसले. नट सोडले, चाक बाजूला ठेवलं, पॅड बाहेर काढली. बाहेरचं जाड. आतलं कागदाएवढं. आतली बाजू अडकून बसली की असं होतं, एकटी तीच झिजत जाते. त्यांनी ते तळहातावर घेतलं आणि अंगठ्याचं नख त्यावरून फिरवलं. सदऱ्यावर काळी बोटं उमटली होती.

"कवापासून येतोय आवाज?"

जावई मान खाली घालून म्हणाले, "आठ-धा दिवस झाले, मामा. परवा तांबडा दिवा बी लागला होता. बाटली आणून तेल टाकलं, विझला. तुम्ही रागवाल म्हणून बोललो न्हाय. आज ब्रेक मारताना वाटलं, आता मामा बोट वाकवतील. तुम्ही हात वर केला. म्हणलं, मामांनी ऐकलंय ना, मग आपल्याच कानाला भास होत असंल."

मालकांनी मान हलवली. मग काकूंकडं बघून विचारलं, "तुला ऐकू आला?"

"आला."

"साहेब?"

"आला, मालक."

"वकीलसाहेब?"

कोर्टात ज्यांना कधी शब्द कमी पडला नाही त्या वकीलसाहेबांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि नुसतं "हो" म्हणाले.

"मला कवापासून ऐकू येत न्हाय?"

 काकूच म्हणाल्या, "दीड-दोन वरीस झालं असंल."

"सगळ्यांना ठावं हाय?"

"हाय."

"आन् मला सांगितलं न्हाय."

"अहो, कसं सांगायचं. गल्लीत तुमचा शब्द... एवढी माणसं तुमच्यासमोर थांबत्यात. तुमचा मान..."  काकूंनी पदर तोंडाला लावला.

मालक रस्त्यावर बसलेलेच होते. नात गाडीतून उतरून त्यांच्यापाशी आली. तिच्या तळव्याला अजून साखर चिकटलेली होती. तिनं त्यांच्या हातातल्या पॅडकडं बघितलं आणि विचारलं, "आजोबा, आता जायचं का?"

मालकांनी तिच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. त्या सकाळी तो गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला.

"माझा मान राखायला माझी नात घाटात घालीत होता व्हय रे तुम्ही सगळे?"